चिपाडावरची वाट

पेन्शनच्या कागदांबरोबर मी घरी आणल्या
दोन लाकडी पट्ट्या, माझ्याहून वीतभर उंच.
स्टोअरच्या बाबूनं 'भंगार' म्हणून सही केली होती.
मालननं त्या माळ्यावर सरकवल्या, छत्र्यांशेजारी.
म्हणाली, आता कुठं घसरायचं राहिलंय तुमचं?

उतारावरनं सुसाट येणारे ते वेगळे.
आमच्या तुकडीचं काम सपाटीचं.
चालणं आणि घसरणं यांच्या मधलं काहीतरी.
डावा पाय, उजवी काठी, श्वास,
उजवा पाय,
आणि दोन पावलांच्या मध्ये एक क्षण
जेव्हा आपण काहीच करत नसतो
आणि पुढं जात असतो.
त्या एवढ्याशासाठी मी पहाटे साडेपाचला
कोल्हापुरात जागा हुडकत हिंडू लागलो.

रंकाळा आधी बघितला. फरशी बरी.
पण माणसं चौघं चौघं, ओळीनं, हात हलवत;
वाट देतील तर शपथ.
एक पैलवान जोर अर्धा टाकून उभा राहिला,
"मामा, खेकडं धरायला निघालाय काय?"

उद्यमनगरात तवनाप्पा मिस्त्रीनं
पट्ट्यांना चाकं बसवून दिली, बेअरिंगसकट.
पैसे नकोत म्हणाला, एक फेरी द्या.
शेडच्या दारापर्यंत गेला
आणि लेथच्या चुऱ्यात बसकण मारली.
हसताना त्याच्या मिशीत लोखंड चमकत होतं.

विद्यापीठाचा रस्ता गुळगुळीत, झाडं, मोर,
फक्त दर दोनशे पावलांवर गतिरोधक.
गेटवरचा माणूस वही उघडून बसला :
वाहन लिहू, का पादचारी?
त्यालाही ठरवता येईना, मलाही.

राजाराम तलावाचा बांध : खडी.
तपोवनाचं मैदान : क्रिकेट.
मसाई पठारावर मात्र मी बराच वेळ उभा राहिलो.
तसंच आभाळ, तसाच वारा कानात शिरणारा,
कड्यापर्यंत पसरलेली तीच रिकामी सपाटी.
आकार बरोबर होता. रंग चुकला होता.
चाकं जांभ्यात अडकली, पँटीला कुसळं,
एसटीत शेजारच्या बाईनं ती एकेक काढून दिली,
काही न विचारता.

वहीत मी प्रत्येक जागेला गुण देत होतो.
चाराच्या पुढं कुणी गेलं नाही.

मग जानेवारीत, वडणग्याच्या बाजूला,
गुऱ्हाळामागं एकरभर चिपाड वाळत घातलेलं दिसलं.
रात्रभर दव पडलेलं. सूर्य अजून उसाच्या आड.
पांढरं.
मी सायकल बांधाला टेकवली
आणि पान्यानं चाकं सोडवायला बसलो.
हात थरथरत होते, थंडीनं म्हणू.

नवांग शिकवायचा, वर, नऊ हजार फुटांवर :
बर्फाला विचारून पाय ठेव.
मी चिपाडाला विचारलं.

चुलवाणापाशी जाळव्या उठून उभा राहिला,
सुकुमार त्याचं नाव, काखेत चिपाडाचा भारा तसाच.
डावा पाय. उजवी काठी.
बर्फ कापड फाटल्यासारखं बोलतं,
हे पापड मोडल्यासारखं बोलत होतं,
आणि वास, गोड, आंबूस, उकळत्या रसाचा.
अकरा पावलं.
त्यातल्या दोनांच्या मध्ये,
सहाव्या आणि सातव्याच्या बहुतेक,
मी काहीच करत नव्हतो.

मग काठी भुसभुशीत मातीत रुतली
आणि मी आडवा.

सुकुमारनं उचललं नाही, आधी हसून घेतलं.
मग म्हणाला, पसरलंय तेवढं उद्या चुलीत जाणार.
तिथं बर्फ वितळायचं, मी म्हटलं.
हिकडं जळतंय, तो म्हणाला,
तवा कुठं गूळ हुतोय.

थर्मासमध्ये काकवी भरून दिली मालनसाठी.
तिनं बोट बुडवून चाखली,
माझ्या कोपराचं खरचटलेलं बघितलं,
आणि माळ्यावरच्या छत्र्या दुसरीकडं हलवल्या.

वहीत लिहिलंय : वडणगे. अकरा पावलं.
गुणांची जागा कोरी आहे.
सुकुमार म्हणालाय, परवा पलीकडच्या वावरात पसरणार हाय,
तिथं लांबी जास्त हाय.
दव पडायच्या आत येऊ नगासा.